रेगेची सात इंची: खोके चाळण्यापासून कपाटात लावण्यापर्यंत

रेगेच्या रेकॉर्ड जमवायला निघालेले बहुतेक जण आधी एलपी घेतात. मोठे कव्हर, ओळखीचा चेहरा, एकदम दहा गाणी, मोह होणारच. पण जमैकाचे संगीत घडले ते सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डसाठी. किंगस्टनच्या स्टुडिओत गाणे मुद्रित व्हायचे, ते साउंड सिस्टिमच्या, म्हणजे मोठमोठे स्पीकर मांडून नाच भरवणाऱ्या चमूच्या, गर्दीपुढे वाजवून बघायचे, लोकांनी उचलून धरले की सात इंची दुकानात यायची. अशा असंख्य गाण्यांच्या वाट्याला एलपी कधी आलीच नाही. म्हणून इथे जे सांगितले आहे ते मुख्यतः जमैकन सात इंचीबद्दल आहे. ती वाचता आली की दहा इंची, बारा इंची डिस्कोमिक्स (लांबवलेली गाणी) आणि एलपी समजायला वेळ लागत नाही.

आधी कान

पहिले दोन महिने काही विकत घेऊ नका. एक रिदम निवडा आणि त्याच्या मागे लागा.

रिदम म्हणजे इथे नुसता ताल नव्हे. बेस आणि ड्रम यांची ठरलेली चौकट, तिच्यावर गिटार आणि ऑर्गनचे ठोके, एवढा मिळून एक रिदम होतो. त्यावर एक गायक गातो, मग दुसरा, मग एखादा डीजे (जमैकात डीजे म्हणजे रिदमवर बोलणारा) बोल म्हणतो, मग कोणी ट्रॉम्बोन वाजवतो. आपल्याकडे एकाच चालीवर दहा अभंग म्हटले जातात, तसे काहीसे. फक्त इथे खालची साथ तीच राहते आणि वरची चालसुद्धा बदलते. त्यामुळे रेगेचा संग्रह गायकाच्या नावाने लावला तर अर्धी मजा जाते. रिदमने किंवा निर्मात्याने लावला तर प्रत्येक नवी रेकॉर्ड आधीच्या चार रेकॉर्डशी बोलू लागते.

एक साखळी ऐकून बघा. ऑल्टन एलिस यांनी १९६७ मध्ये किंगस्टनच्या स्टुडिओ वनसाठी ‘आयम स्टिल इन लव्ह’ गायले. पुढे सत्तरच्या दशकात निर्माते जो गिब्ज यांनी तोच रिदम नव्याने वाजवून घेतला आणि मार्शा एटकेन यांच्याकडून गाणे गाऊन घेतले. त्याच रिदमवर डीजे ट्रिनिटीने आपल्या थ्री-पीस सुटाची फुशारकी मारली, आणि त्याला उत्तर म्हणून आल्थिया आणि डोना या दोन शाळकरी मुलींनी केलेले ‘अपटाउन टॉप रँकिंग’ फेब्रुवारी १९७८ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. हे चारही लागोपाठ ऐका. चौथ्यांदा बेसची ती ओळ आली की तुम्ही ती गुणगुणत असाल. मग विन्स्टन रायली यांच्या टेक्निक्स लेबलवरचा १९७३ चा ‘स्टॅलाग १७’ घ्या आणि त्यावरचे १९८५ मधले टेनर सॉ यांचे ‘रिंग द अलार्म’ ऐका. बारा वर्षांनीही रिदम तोच.

काळाचा ढोबळ नकाशा डोक्यात असू द्या. साधारण १९६० ते १९६६ स्का, १९६६ ते १९६८ रॉकस्टेडी, मग रेगे. सत्तरच्या दशकात रूट्स आणि डब, त्या दशकाच्या शेवटापासून डान्सहॉल, आणि १९८५ मध्ये किंग जॅमी यांच्या ‘स्लेंग टेंग’ रिदमपासून डिजिटल. तो रिदम कॅसिओ एमटी-४० या छोट्या कीबोर्डमधल्या तयार तालातून निघाला. रॉकस्टेडीची संथ, मोकळी चाल आणि १९६९ च्या रेगेची उडती ऑर्गन यांत फरक ओळखता आला की दुकानात तुमचा निम्मा वेळ वाचेल.

रेकॉर्ड हातात घेतल्यावर काय वाचायचे

जमैकन सात इंचीच्या मध्यभागी ३८ मिमीचे मोठे भोक असते. ब्रिटिश सात इंचीचे भोक लहान, साधारण ७ मिमीचे. बऱ्याच जुन्या प्रतींत मधला भाग चार दांड्यांवर तोललेला आणि दाबून काढता येईल असा असतो. कोणी ‘जमैकन’ म्हणून लहान भोकाची प्रत पुढे केली तर तिथेच थांबून विचारा.

लेबलवर सगळ्यात मोठ्या अक्षरात गाण्याचे किंवा लेबलचे, म्हणजे रेकॉर्ड ज्या छापाखाली निघाली त्याचे, नाव असेल, पण आधी निर्मात्याचे नाव शोधा. रेगेत दिग्दर्शकासारखे काम निर्माता करायचा. वादक त्याचे, रिदम त्याचा, पैसाही त्याचाच. एका निर्मात्याची लेबले अनेक असत. ली ‘स्क्रॅच’ पेरी यांची अपसेटर, जस्टिस लीग, ब्लॅक आर्ट, ऑगस्टस पाब्लो यांची रॉकर्स आणि मेसेज, चॅनल वनच्या हुकिम बंधूंची वेल चार्ज आणि हिट बाउंड, नायनीचे ऑब्झर्व्हर, सुगर मिनॉट यांची ब्लॅक रूट्स आणि यूथ प्रमोशन. ही नावे पाठ करायला बसू नका. वहीत एकेक लिहीत गेलात की बसतात.

मग उलटी बाजू पाहा. साधारण १९६८ पासून मागच्या बाजूला त्याच गाण्याचे ‘व्हर्जन’ येऊ लागले, म्हणजे गायन काढून उरलेला रिदम. पुढे किंग टबी यांनी वॉटरहाउसमधल्या ड्रॉमिली अॅव्हेन्यूवरच्या छोट्या स्टुडिओत याच व्हर्जनवर इको, रिव्हर्ब आणि फेडर चालवून डब ही स्वतंत्र कला उभी केली. त्यामुळे कित्येक रेकॉर्डची खरी किंमत मागच्या बाजूला असते. तिथे वादकांच्या चमूचे नाव छापलेले असेल तर निर्माता कळतो: साउंड डायमेन्शन म्हणजे स्टुडिओ वन, टॉमी मकूक आणि सुपरसॉनिक्स म्हणजे ड्यूक रीड यांचा ट्रेझर आयल, अॅग्रोव्हेटर्स म्हणजे बनी ली, रेव्होल्यूशनरीज बहुधा चॅनल वन, प्रोफेशनल्स म्हणजे जो गिब्ज. गायकाचे नाव अनोळखी आहे, पण मागे ‘अॅग्रोव्हेटर्स’ लिहिलेय आणि साल १९७५ च्या आसपासचे आहे? मग ती ऐकल्याशिवाय खाली ठेवू नका.

आता दिवा. टेबलावरचा एक उघडा दिवा लावा आणि रेकॉर्ड कडेने धरून डोळ्यांच्या पातळीवर तिरकी करा. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये बोटभर रुंदीचा गुळगुळीत पट्टा दिसेल. त्यात सुईने ओरखडावे तशी हाताने कोरलेली अक्षरे आणि आकडे असतात. कधी वाकडी, कधी आधीचा आकडा खोडून पुढे दुसरा कोरलेला. हा मॅट्रिक्स क्रमांक. बऱ्याचदा त्यात निर्मात्याची आद्याक्षरेही मिळतात. दोन्ही बाजूंचे क्रमांक जसेच्या तसे, खाडाखोडीसह, लिहून घ्या. कारण जमैकन लेबलवर भरवसा ठेवता येत नाही: नावात चुका, दोन्ही बाजूंची लेबले उलटसुलट, कधी लेबल एका गाण्याचे आणि रेकॉर्ड भलत्याच गाण्याची. लेबल चिकटवताना चूक होते. पट्ट्यात कोरलेला क्रमांक मात्र साच्यातूनच आलेला असतो. दोघांत भांडण असेल तर क्रमांकाचे ऐका.

काही रेकॉर्डवर लेबल कोरे असते. त्यांना ‘ब्लँक’ किंवा ‘प्री’ म्हणतात. अधिकृत विक्रीच्या आधी साउंड सिस्टिमवाल्यांसाठी आणि निवडक दुकानांसाठी काढलेल्या त्या प्रती. लेबल खरवडून काढलेली प्रत दिसली तरी हिरमुसू नका. आपल्या हातातले हुकमी गाणे कोणते हे दुसऱ्या साउंडला कळू नये म्हणून साउंडवाले मुद्दाम लेबल खरवडत. तशी प्रत लावून ऐकाच.

दोष: कोणता चालतो, कोणता नाही

जमैकन छपाई खडबडीत होती. जुन्या रेकॉर्ड वितळवून पुन्हा वापरलेले प्लॅस्टिक, त्यात अडकलेले कागदाचे कण, न कापलेली कड, तिरपे लेबल. हे सगळे माफ आहे. या रेकॉर्डकडून कोऱ्या शांततेची अपेक्षा करणाऱ्याने दुसरे संगीत जमवावे. पण माफ करायचे दोष आणि न करायचे दोष वेगळे आहेत.

नखाला न लागणारे बारीक केसासारखे ओरखडे बहुधा ऐकू येत नाहीत. नख हलकेच आडवे फिरवल्यावर अडकले तर ओरखडा खोल आहे. खाचांना आडवा गेलेला ओरखडा ४५ च्या वेगात दर १.३३ सेकंदांनी एक टिचका देतो. त्रासदायक, पण गाणे चालू राहते. खाचांच्या दिशेने, लांबट तिरपा गेलेला ओरखडा जास्त वाईट, कारण सुई त्यात शिरून पुढच्या किंवा मागच्या खाचेत उडी मारते. आणि सगळ्यात फसवा दोष म्हणजे राखाडी पडलेल्या खाचा. रेकॉर्डवर एकही ओरखडा नाही, पण चमक गेली आहे, तवा जुना झाल्यासारखी मळकट दिसते. जड, झिजलेल्या सुईने शेकडो वेळा वाजवल्याने खाचेच्या भिंती झिजलेल्या असतात. गायकाचा ‘स’ फाटतो, शेवटचा मिनिट चिरकतो. कितीही धुतली तरी हे परत येत नाही. अशी प्रत सोडा. गाणे अगदीच दुर्मीळ असेल तरच कमी पैशांत घ्या.

भोक मध्यभागी नसणे हा जमैकन सात इंचीचा नेहमीचा आजार. भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकले असेल तर ६० मिमी त्रिज्येवर सूर सुमारे ०.८ टक्के वरखाली होतो. ऑर्गनचा लांब स्वर किंवा पियानो असेल तर ते लगेच खटकते. वाजताना टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, डोलतोय का बघा. मोठ्या भोकामुळे यावर एक उपाय आहे. मधला अॅडॅप्टर काढा, रेकॉर्ड नुसती तबकावर ठेवा, फिरवा आणि शेवटच्या पट्ट्याकडे पाहत बोटाच्या टोकाने कडेला हळूच टिचकी मारत रेकॉर्ड सरकवा. पट्टा स्थिर दिसू लागला की सुई ठेवा. चार-पाच प्रयत्नांत जमते. लहान भोकाच्या रेकॉर्डला हे करता येत नाही.

वाकलेली रेकॉर्ड सपाट जागी ठेवून कडेखाली किती फट आहे ते पाहा. बशीसारखी संथ वाकलेली सात इंची बहुधा वाजते. कडेला एकाच ठिकाणी उभार असेल तर सुई उडते. दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने कडा सपाट होते, पण खाचा मऊ पडून आवाज कायमचा जाऊ शकतो. ज्या रेकॉर्डचे वाईट वाटणार नाही तिच्यावरच करून बघा.

विक्रेते रेकॉर्डचा दर्जा मोजतात तो मिंट (नवीकोरी), निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी (व्हेरी गुड), जी (गुड) अशा पायऱ्यांनी. रेगेच्या बाबतीत ‘नुसती बघून ठरवली की वाजवून?’ हा प्रश्न न चुकता विचारा. व्हीजी म्हणून आलेली जमैकन सात इंची, जिच्या खाचा जोरकस कापलेल्या आहेत, ती चरचर मागे टाकून दणदणीत वाजू शकते. आणि निअर मिंट दिसणारी प्रत कारखान्यातूनच खरखर घेऊन आलेली असू शकते.

पहिली छपाई, फेरछपाई आणि नक्कल

मॅट्रिक्स क्रमांक जुना आहे म्हणून प्रत जुनी, असे समजू नका. स्टुडिओ वनने जुने साचे पुढे कित्येक वर्षे वापरले, त्यामुळे १९६७ च्या गाण्याची ऐंशीच्या दशकातली प्रतही तोच कोरलेला क्रमांक दाखवते. मग कागद आणि छपाई बघा. जुन्या लेबलचा कागद खरखरीत, शाई शोषलेली, अक्षरे कधी किंचित दबलेली. पुढच्या काळातली लेबले गुळगुळीत. पत्ताही बोलतो. स्टुडिओ वनचा पत्ता १३, ब्रेंटफर्ड रोड. एप्रिल २००४ च्या अखेरीस त्या रस्त्याचे नाव स्टुडिओ वन बुलेव्हार्ड झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच क्लेमंट ‘कॉक्सन’ डॉड गेले. लेबलवर नवे नाव असेल तर ती प्रत २००४ च्या आधीची असू शकत नाही.

नक्कल ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात ते. लेबल स्कॅन करून छापलेले असेल तर अक्षरांच्या कडा गुळगुळीत न दिसता रंगीत ठिपक्यांच्या दिसतात. दुसरी खूण कानाची: रेकॉर्ड नवीकोरी चकाकते, पण गाणे सुरू होताना चरचर ऐकू येते आणि धुऊनही तिथल्या तिथेच राहते. म्हणजे मूळ टेप नव्हती. जुनी रेकॉर्ड वाजवून तिच्यावरून साचा काढला आहे. मात्र काही अधिकृत ब्रिटिश आवृत्त्यासुद्धा जमैकन रेकॉर्डवरूनच उतरवलेल्या आहेत, तेव्हा फक्त चरचरीवरून निकाल देऊ नका.

फेरछपाईला नाके मुरडू नयेत. टोकियोचे डब स्टोअर, लंडनचे सोल जॅझ आणि प्रेशर साउंड्ज यांनी काळजीने काढलेल्या प्रती जुन्या झिजलेल्या मूळ प्रतीपेक्षा कितीतरी चांगल्या वाजतात, आणि अशा कंपन्या हक्कदारांशी करार करून काढतात. संग्रहाची पहिली पन्नास गाणी अशाच प्रतींनी उभी करावी. मूळ प्रत त्याच गाण्याची घ्यावी ज्यावाचून चैन पडत नाही.

ब्रिटिश की जमैकन? ब्रिटिश प्लॅस्टिक शांत असते, लेबलवर कॅटलॉग क्रमांक नीट असतो, तारीख काढणे सोपे जाते. जमैकन प्रतीचा बेस आणि जोर बहुधा वेगळाच असतो, आणि मागच्या बाजूचे खास व्हर्जन अनेकदा फक्त तिच्यावरच सापडते. दोन्ही ठेवणारे ठेवतात. एकच घ्यायची तर आधी दोन्ही मागच्या बाजू तपासा.

कुठे धुंडाळायचे

किंगस्टनमध्ये ऑरेंज स्ट्रीटवरचे रॉकर्स इंटरनॅशनल हे दुकान आजही हक्काचे ठिकाण आहे. नॉर्थ परेडवरचे रँडीज हे दुकान, वरच्या मजल्यावर स्टुडिओ १७ असलेले, याच व्यापाराचे जुने घर. त्याच रँडीजच्या चिन कुटुंबाने पुढे न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये व्हीपी रेकॉर्ड्स उभे केले. लंडनमध्ये शेफर्ड्स बुशचे पेकिंग्ज हे स्टुडिओ वनच्या रेकॉर्डसाठी नाव काढलेले. टोरोंटोत राहणाऱ्यांनी एग्लिंटन वेस्टचा, बर्मिंगहॅमवाल्यांनी हँड्सवर्थचा परिसर पायाखाली घालावा. जिथे जमैकन कुटुंबे स्थायिक झाली तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांत, चर्चच्या विक्रीत, घर रिकामे करताना ही खोकी निघतात. लंडनमधल्या मराठी वाचकांना एक जवळची खूण सांगता येईल: डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, तिथून जवळच नीस्डन लेनवर ट्रोजन रेकॉर्ड्सचे बिऱ्हाड होते. ट्रोजन १९६८ मध्ये उभे करण्यात ली गोपथल हे भारतीय वंशाचे जमैकन गृहस्थ पुढे होते. हार्ल्सडेन तर तिथून चालत जाण्याच्या अंतरात आहे, आणि त्या पट्ट्यातल्या घरांत अजून रेकॉर्ड आहेत.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जमैकन सात इंची मिळेल या भरवशावर जाऊ नका. खोकी भरभर चाळण्याचा, धूळ पडलेली रेकॉर्ड कडेने धरण्याचा, उन्हात तिरकी करून पारखण्याचा सराव मात्र तिथे स्वस्तात होतो. कानासाठी खरी शाळा म्हणजे नीट बांधलेली साउंड सिस्टिम. गोव्यात २०१६ पासून भरू लागलेल्या गोवा सनस्प्लॅशसारख्या ठिकाणी बेस छातीत कसा बसतो ते एकदा अनुभवा, म्हणजे घरच्या स्पीकरवर काय हरवते ते कळेल.

दुकानात जाताना दहा नावांची यादी, भिंग, मोबाइलचा दिवा आणि स्वतःचे हेडफोन न्या. जुन्या रेगेच्या दुकानांत काउंटरमागचा माणूस एकेक रेकॉर्ड थोडी थोडी वाजवतो. हवी असेल त्याने खूण करायची. जुनी गाणी हवी असतील तर ‘रिव्हाइव्ह’ मागा. दुसऱ्यासाठी वाजवलेल्या रेकॉर्डवर आपण हात टाकू नये. आणि काही न घेता तासभर ऐकत बसू नये.

भारतातून मागवताना एकेक रेकॉर्ड मागवली तर टपालखर्च रेकॉर्डच्या किमतीवर जातो. सात इंचीचे वजन साधारण ४० ते ५० ग्रॅम. दहा एकत्र मागवल्या तर पुठ्ठ्यासकट पार्सल किलोच्या आत राहते. कस्टम्सचे शुल्क धरूनच हिशेब करा. डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या संकेतस्थळावर विक्रेत्याने मागितलेली किंमत न बघता पूर्वी प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती बघा. विक्रेत्याला चार गोष्टी कळवा: रेकॉर्ड कव्हरबाहेर काढून वेगळी ठेवावी, दोन्हीकडे जाड पुठ्ठा द्यावा, आत प्लॅस्टिकची पिशवी असावी, आणि पट्ट्यातल्या क्रमांकाचा फोटो पाठवावा. चौथी गोष्ट टाळणाऱ्याकडून महाग रेकॉर्ड घेऊ नका.

धुणे

जुनी रेकॉर्ड न धुता कधीही लावू नका. धूळ सुईखाली वाळूसारखी घासते. द्रावण असे: ८०० मिली डिस्टिल्ड पाणी, २०० मिली ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे दोन-तीन थेंब. भांड्याचा साबण नको, त्याचा थर खाचेत राहतो. नळाचे पाणीही नको, क्षार वाळतात आणि चरचर वाढते.

जमैकन लेबलची शाई पाण्याने उतरते. म्हणून लेबलच्या मापाची दोन प्लॅस्टिकची झाकणे रबराच्या चकतीसकट दोन्हीकडून आवळून बसवा. द्रावण खाचांवर पसरा, मऊ केसांच्या ब्रशने खाचांच्या दिशेनेच आठ-दहा फेरे एका बाजूला, तेवढेच उलट्या बाजूला. मिनिटभर थांबा. मायक्रोफायबरच्या कापडाने टिपा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा धुऊन टिपा. ताटे ठेवायच्या स्टँडवर अर्धा तास उभी वाळवा, पंखा बंद ठेवून. पहिल्यांदा वाजवल्यावर सुईवर काळा गोळा जमेल. तो पुढून मागून न घासता, मागून पुढे एकदाच ब्रश फिरवून काढा. दुसऱ्यांदा लावल्यावर आवाज उघडतो. बुरशी आलेली रेकॉर्ड घराबाहेर, वेगळ्या ब्रशने धुवा आणि तिचे कागदी पाकीट फेकून द्या.

डबप्लेटला, म्हणजे साउंड सिस्टिमसाठी खास कापलेल्या रेकॉर्डला, हे द्रावण लावू नका. ती अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेचा थर देऊन कापलेली असते, हाताला जड आणि थंड लागते. अल्कोहोलने थर बिघडतो, आणि काही डझन वेळा वाजवली की आवाज झिजतो. हाती आली तर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, पहिल्याच वेळी वाजवताना चांगल्या दर्जाची डिजिटल प्रत करून घ्या, आणि मग मूळ वस्तू जपून ठेवा.

वाजवणे आणि ठेवणे

महागडी बारीक टोकाची सुई झिजलेल्या जमैकन रेकॉर्डवर प्रत्येक खरचटा मोठा करून दाखवते. साधी गोल टोकाची, म्हणजे कॉनिकल सुई या रेकॉर्डना जास्त मानवते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५सी चांगली. भार २ ग्रॅम. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड जपली जाते हा गैरसमज आहे. हलकी सुई जोरकस बेसवर खाचेत नाचते आणि भिंती फोडते. साठच्या दशकातल्या आणि नंतरच्याही बऱ्याच सात इंची मोनो आहेत, तेव्हा अॅम्प्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर दाबा. खाचेतल्या उभ्या हालचालीतून येणारी बरीचशी खरखर तिथेच गळते. टर्नटेबल आणि स्पीकर एका टेबलावर ठेवू नका. रेगेचा बेस टेबलातून सुईत परत शिरतो आणि घुमू लागतो. भिंतीत ठोकलेली वेगळी फळी सगळ्यात उत्तम.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लेबलवर पांढरी बुरशी येते, आणि ती लेबलवरून खाचेत उतरते. रेकॉर्ड बंद कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून लांब, सरळ उभ्या ठेवा. कलत्या राहिल्या की वाकतात. जुनी कागदी पाकिटे काढून आत पॉलिथिलीनचा पापुद्रा असलेली नवी घाला; जाड, वास येणारी पीव्हीसीची कव्हरे रेकॉर्डवर ढगाळ डाग पाडतात. कपाटात अर्धा किलो रंग बदलणारे सिलिका जेल ठेवा, रंग फिरला की तापवून पुन्हा वापरा. पन्नास रुपयांचा आर्द्रतामापक चालत नाही, बऱ्यापैकी घ्या; आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. डांबरगोळ्या कपाटात अजिबात नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिकला लागते.

प्रत्येक रेकॉर्ड कपाटात जाण्याआधी दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकून वहीत नोंद करा: गायक, गाणे, मागची बाजू, निर्माता, लेबल, दोन्ही मॅट्रिक्स क्रमांक, रिदम, दर्जा, किंमत, कुठून घेतली. रिदम ओळखता आला नाही तर ती जागा मोकळी ठेवा. सहा महिन्यांनी दुसरीच रेकॉर्ड लावल्यावर तोच बेस कानावर येतो, तेव्हा वही उघडून ती जागा भरा.